बेडकाच्या खेळातली शेवटची खोली

नसीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका माणसाचा कान कापत होते. घाबरू नका, माझा धंदाच तो आहे. अंबडच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका छपाईच्या युनिटमध्ये मी फ्लेक्स डिझाइन करते. कुणा भाऊंचा, कुणा दादांचा वाढदिवस आला की शुभेच्छुकांचे फोटो येतात, त्यांच्या पाठीमागची भिंत, पंखा, कॅलेंडर सगळं पुसायचं आणि नुसतं डोकं गोल चौकटीत बसवायचं. तर मी त्या कानाच्या कडेनं माउस फिरवत होते आणि मोबाइल वाजला. येवल्याहून इरफान होता, नसीमचा धाकटा भाऊ. "ताई, आपा गेली," म्हणाला. मी "हो" म्हटलं, फोन ठेवला आणि कान पूर्ण कापून घेतला. मग दुसरा. शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं पाणी आणून दिलं तेव्हा कळलं, मी रडतेय.

सीबीएस स्टँडवरून येवल्याची एसटी धरली. पोचले तोवर जनाजा गेला होता. घरात बायका बसलेल्या होत्या, मीही त्यांच्यात जाऊन बसले. नसीमच्या अम्मी भिंतीला टेकून होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. आत्ता हे लिहिताना फारसं सुचतंय असं नाही, पण नसीमबद्दल कुणी काही लिहिणार नाही हे मला पक्कं माहीत आहे, आणि त्याचा मला रागही येतो. म्हणून लिहितेय.

तिचं नाव तुम्ही कुठे वाचलेलं असणं शक्य नाही. तिची चित्रं मात्र तुमच्या घरातल्या मुलांनी पाहिलीही असतील. वीसेक वर्षांपूर्वी घरोघरी नुकतंच इंटरनेट आलं होतं, तेव्हा कार्टूनच्या साइटवर छोटे छोटे खेळ असायचे. काही विकत घ्यायचं नाही, उतरवून घ्यायचं नाही, साइट उघडली की खेळ सुरू. फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते बनायचे. परदेशातल्या मुलांसाठीचे असे कितीतरी खेळ आमच्या कॉलेज रोडवर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तयार होत होते, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. मी पात्रं करायचे. नसीम बॅकग्राउंड करायची, म्हणजे पात्र ज्यात नाचतं-धावतं ते सगळं जग. घरं, झाडं, आभाळ, स्वयंपाकघरातली फडताळं. खेळाच्या शेवटी नाव झळकायचं ते कंपनीचं. आमचं कुणाचंच नाही. पण तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही, आम्ही विशीत होतो आणि एसीत बसून चित्रं काढायला मिळत होती.

"वृषे, तुझी जनावरं चिखलाचे पाय घेऊन माझ्या घरात फिरतात," असं ती मला म्हणायची. मी म्हणायचे, माझी जनावरं नसती तर तुझ्या रिकाम्या घरांकडे कोण बघणार होतं? आमचं हे भांडण रोजचं होतं, डब्याबरोबरचं. तिच्या डब्यातली खिमा-मेथी मी संपवायचे आणि माझी साबुदाण्याची खिचडी ती. चतुर्थीच्या दिवशी मी नुसती तिच्या डब्याकडे बघत बसायचे आणि ती मुद्दाम बोटं चाटून खायची.

तिची एक खोड होती. झाकलं जाणार तेही ती रंगवायची. कपाट काढायचं असेल तर आधी कपाटामागची भिंत पुरी करायची, तिचे पोपडे, खिळ्याचं भोक, सगळं. आमचे सर, म्हणजे स्टुडिओचे मालक, वैतागायचे. कोण बघणार आहे ते? नसीम शांतपणे म्हणायची, "सर, कुणी कपाट सरकवलं तर?" हे तिच्याकडे घरातून आलं होतं. तिचे अब्बा येवल्याचे, पैठणी विणणारे. पैठणीचा पदर उलटा धरला तरी सुलट्यासारखाच दिसतो, मागे धाग्यांचा गुंता नसतो. ज्या घरात मागची बाजू नावाचा प्रकारच नव्हता, त्या घरातली पोरगी अर्धी भिंत कशी रंगवणार?

आणि मग तो बेडकाचा खेळ आला. छत्री हरवलेला एक बेडूक घरोघर हिंडून ती शोधतो, असा खेळ. घरातून घरात उड्या मारत जायचं. शेवटचं घर एका म्हाताऱ्या बेडकिणीचं. क्लायंटनं लिहून पाठवलं होतं की ती आतल्या खोलीत मागावर कापड विणत बसलेली असते आणि छत्री तिच्याकडे सापडते. नसीम ते वाचून खुर्चीतून उठलीच. "अगं, माझी खोली मागितली यांनी!"

येवल्याच्या घरातली मागाची खोली ती. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेले अब्बा, समोर माग, कोपऱ्यात रेशमाच्या कांड्या भरायचा चरखा आणि वर कौलांमध्ये एक काचेचं कौल, त्यातून खाली येणारा उजेडाचा तिरपा पट्टा. नसीम लहानपणी त्या पट्ट्यात बसून अभ्यास करायची, तो सरकला की तीही सरकायची. आता तिला ती खोली काढायचा पगार मिळणार होता. दर रविवारी एसटीनं येवल्याला जायची, खोलीत बसून पेन्सिलनं काढायची, सोमवारी ऑफिसात आणून रंगवायची. अब्बा माग थांबवून चित्र बघायचे म्हणे. एकदा म्हणाले, उजेड चुकलाय, तो चरख्यावर पडत नाही, चरख्याच्या अलीकडे पडतो. हे सांगताना तिला इतकं हसू येत होतं. "त्यांनी बेडकिणीबद्दल काही विचारलं नाही ग, उजेडाबद्दल बोलले!" मग तिनं तो पट्टा नव्यानं केला. फिका पिवळा, कडेला विरत जाणारा. सर म्हणाले, झकास. तो उजेड इतका जमला की सरांनी तो पहिल्या घराच्या स्वयंपाकघरातही लावायला सांगितला.

खेळ तयार झाला पण जड झाला. तेव्हाचं इंटरनेट गोगलगायीसारखं. खेळ उघडायला इतका वेळ लागायचा की पोरं कंटाळून दुसरीकडे जायची. क्लायंट कुरकुरायला लागला. बैठकीत नसीमनंच उपाय सुचवला. सगळी घरं एकदम कशाला आणायची? प्रत्येक घराची वेगळी फाइल करा, खेळणारा त्या घराच्या दारात पोचला की तेवढंच घर मागवा. सर खूश झाले. क्लायंट खूश झाला. संध्याकाळी सगळ्यांना कचोऱ्या आल्या आणि नसीमला दोन मिळाल्या. या कचोऱ्यांची आठवण मला आता नकोशी वाटते.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत असलेलं आहे. मोबाइल आले, ब्राउझरमधले खेळ कुणी खेळेना. आमचा स्टुडिओ बंद पडला. मग सगळ्याच ब्राउझरांनी फ्लॅश चालवणं बंद केलं आणि ते खेळ जिथे होते तिथे एक राखाडी चौकोन उरला. मी फ्लेक्सकडे वळले. नसीम बालवाड्यांच्या भिंती रंगवायला लागली, सिंह, गाजर, अ अननसाचा. वडाळा नाक्याजवळ एका खोलीत राहायची. तिकडे येवल्यात अब्बा गेले. माग विकला गेला, खड्डा बुजवला, मधली भिंत पाडून इरफाननं तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढलं. यात त्याची चूक मला दिसत नाही, त्यालाही घर चालवायचं होतं. फक्त मागाहून लक्षात आलं की त्या खोलीचा एकही फोटो नाही. व्यापारी यायचे ते पदराचा फोटो काढायचे, अब्बांच्या हातांचाही काढायचे. लग्नकार्यातले फोटो अंगणातले. मागाच्या खोलीचा फोटो कोण काढतं? ती खोली कुठे उरली असेल तर बेडकाच्या खेळात, असं नसीमला वाटत होतं आणि इतकी वर्षं ती त्या भरवशावर निवांत होती.

मग तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. एका हाताला सुया लावून तासन् तास पडून राहायचं. मी जमेल तेव्हा सोबत जायचे. अशाच एका दुपारी ती म्हणाली, "वृषे, माझी खोली काढून दे मला. मला ती एकदा बघायची आहे." मी म्हटलं, देते की, त्यात काय. जगात हौशी माणसं असतात, त्यांनी असे जुने खेळ जमतील तितके गोळा करून जपून ठेवलेत, हे मला माहीत होतं. त्या फाइली उकलून आतली चित्रं बाहेर काढायचं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर लॅपटॉप ठेवून आम्ही कामाला लागलो.

ते दिवस चांगले होते... हॉस्पिटलात गेलेले दिवस चांगले होते असं म्हणताना कसंसंच होतं, पण होते. एकेक जुना खेळ सापडायचा, आम्ही तो उकलायचो आणि आतून नसीमची घरं बाहेर यायची. गंमत अशी की पात्रं अख्खी येत नाहीत. हात वेगळा, पापणी वेगळी, बोलतानाचे ओठ वेगळे. "तुझा बेडूक खाटकाकडून आल्यासारखा दिसतोय," ती म्हणाली आणि इतकी हसली की सिस्टर रागावून गेल्या. तिची बॅकग्राउंड मात्र सबंध यायची. पात्रं निघून गेलेली, बटणं-गुण-घड्याळ निघून गेलेलं, नुसतं घर. आणि कपाट बाजूला केलं की मागे भिंत, पोपडे, खिळ्याचं भोक. मी कपाट सरकवायचे आणि ती बघायची. तिचा चेहरा असा व्हायचा की मला दुसरीकडे बघावं लागायचं. इतक्या वर्षांत ते कपाट पहिल्यांदाच कुणीतरी सरकवत होतं.

बेडकाचा खेळ सापडायला वेळ लागला. सापडला त्या दिवशी तिनं नर्सकडून केस विंचरून घेतले. मी मुख्य फाइल आणि तिच्याबरोबर आलेल्या घरांच्या फाइली उकलल्या. पहिलं घर आलं, त्यापुढचीही दोन-तीन आली. शेवटचं येईना. मी पुन्हा सगळ्या उकलल्या. आणखी एका संग्रहात तोच खेळ होता, तो आणून बघितला. तेवढीच घरं. मुख्य फाइलीत शेवटच्या घराचं नाव होतं, ते कुठून मागवायचं तो पत्ता होता, पण पत्त्यावर काही नव्हतं. ती साइटच उरलेली नव्हती. मला उलगडा व्हायच्या आधी तिला झाला. ज्यांनी खेळ जपला त्यांच्याकडे जेवढी घरं उघडली गेली तेवढीच आली. शेवटच्या दारापर्यंत त्यांच्यातलं कुणी पोचलंच नव्हतं, त्यामुळे शेवटची खोली कुणी मागवलीच नव्हती.

"मीच सांगितलं होतं ना," नसीम म्हणाली, "वेगळी ठेवा म्हणून."

मी तिला हजार गोष्टी सांगितल्या. आपण शोधू, कुणाकडे तरी असेल. आमच्या जुन्या सरांना गाठलं, ते मुलाकडे परगावी असतात. त्यांना नसीम आठवली, खोली आठवली, कौतुकही केलं, पण ऑफिस आवरताना जुन्या डिस्का भंगारात गेल्या होत्या. क्लायंटची कंपनी दुसरीनं घेतली, तिला तिसरीनं, तिथल्या कुणाला काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. मग त्या हौशी लोकांच्या गप्पांच्या साइटवर आम्ही विचारलं. उत्तरं आली, प्रेमानं आली. बेडूक कितीतरी जणांना आठवत होता. एकानं लिहिलं की लहानपणी आजारी असताना मी हाच खेळ खेळायचो, पण शेवटच्या घराआधीची उडी मला कधीच जमली नाही, त्या घरात काय होतं हे मला नेहमी जाणून घ्यायचं होतं. ती उडी क्लायंटला अवघड हवी होती. मी ते नसीमला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याला लिही, खोली होती." मी तेवढंच लिहिलं.

मी तिला एकदा विचारलं होतं, पुन्हा काढ ना, हात चालतोय अजून. तिनं प्रयत्न केलाही, मी तो कागद पाहिलाय. पण तिनं तो फाडून टाकला. म्हणाली, "मला आता खोली आठवत नाही, मी काढलेलं चित्र आठवतं. आणि चित्रही खरंच तसं होतं की माझं मीच जोडतेय, कळत नाही. बरोबर आहे का हे सांगायला अब्बा कुठेत?" मी तर ती खोली कधी पाहिलीच नव्हती. चित्र पाहिलं होतं, महिनोन् महिने रोज पाहिलं होतं, आणि आज डोळे मिटले तर मला त्यात माझा बेडूकच दिसतो.

शेवटी एक गोष्ट मिळाली. मुख्य फाइलीत एक सामायिक कप्पा असतो, एकाहून जास्त घरांत लागणाऱ्या वस्तूंचा. पाण्याचे थेंब, धूर, दाराची कडी. तो चाळताना एक तिरपा फिका पिवळा आकार आला, कडेला विरत जाणारा. सरांनी तो स्वयंपाकघरात लावायला सांगितला होता, म्हणूनच तो वाचला. मागे काही नाही, नुसता पट्टा. पांढऱ्या पडद्यावर तो धड दिसेनाही, म्हणून मी मागे काळा रंग भरला. नसीम बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, तिला थोडं तरी बरं वाटेल. ती म्हणाली, "हा पडलाय कशावर, तेच नाही." आणि लॅपटॉप मिटायला सांगितलं. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. चित्रांचाही काढला नाही. शेवटच्या महिन्यांत ती माझ्याशी माझ्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलायची, भाज्यांबद्दल बोलायची, आणि मधेच छताकडे बघायची. तिथे ट्यूबलाइट होती.

नेटवर एकदा टाकलं की ते कायमचं राहतं, असं मुलांना शाळेत शिकवतात, घाबरवायला. माझी मुलगी मला तेच ऐकवते. मी तिच्यावर ओरडते, विनाकारण. राहतं ते भलतंच राहतं. कुणाची तरी चिडचिड, कुणाच्या तरी लग्नातला नाच. एका बाईनं पोपड्यांसकट रंगवलेली भिंत राहत नाही. मला यातून काही शिकायचं नाही आणि कुणी समजूत घातलेलीही नको आहे. ती जाणार होती, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण तिला एवढी एकच गोष्ट बघायची होती आणि ती आम्हाला देता आली नाही, हे काही केल्या गिळता येत नाही.

चाळीसाव्याला मी येवल्याला गेले. फातिहा झाली, जेवणं झाली. इरफान मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, अम्मी सारखी विचारतीये. आपानं तिला सांगितलं होतं, वृषालीकडं आपल्या खोलीचं चित्र हाय म्हणून." नसीमनं आईला असं सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. कधी सांगितलं होतं, खेळ सापडण्याआधी की नंतर, देव जाणे. मी अम्मींजवळ जाऊन बसले. माझ्याकडे होता तो उजेड. मी तो मोबाइलवर उघडून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला, फोन जवळ नेला, लांब धरला. मग एकदम म्हणाल्या, "हां... हा आपलाच हाय. दुपारच्या नमाजच्या वक्ताचा." चरख्याच्या अलीकडे पडायचा, हेही त्यांनीच सांगितलं. मी न विचारता. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आन् खोली कुठंय, बेटा?"

त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं आणि उजेड हळूच डावीकडे सरकवला, कडेला काही दिसतंय का ते बघितलं. मग उजवीकडे. चित्र बोटाबरोबर थोडं जायचं आणि परत जागेवर यायचं.

निघताना मी तो फोटो इरफानच्या मोबाइलवर पाठवला. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, अम्मी रोज दुपारी दुकानात येऊन बसतात, मोबाइल मागून घेतात आणि तो पट्टा इकडून तिकडे सरकवत राहतात. गिऱ्हाईक आलं तरी फोन देत नाहीत. "बाजूला काय नाय म्हणून सांगू का तिला, ताई?"

मी म्हटलं, नको रे. सरकवू दे.